फिट आली तेव्हा तू तिथे नव्हतीस, आजी होती

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"मॅडम, नमस्कार. एमबीबीएस करून बॉण्डवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, सात महिने झाले. बाकी जमतं, पण न्यूरोचा पेशंट आला की पोटात गोळा येतो. फिट, लकवा, डोकेदुखी, चक्कर, हातापायाला मुंग्या, सगळं येतं आणि एमआरआय ८० किलोमीटरवर. मागच्या आठवड्यात बारावीतली मुलगी आली, १७ वर्षांची, वर्षभरात तीन फिट. सीटी नॉर्मल, ईईजी नॉर्मल. फिटसाठी फेनिटॉइन ३०० मिलिग्रॅम चालू आहे, गोळी चुकवत नाही, तरी परवा परत आली. वडील म्हणतात अशक्तपणा आहे, आजी म्हणते बाहेरचं आहे, आई मला बाजूला घेऊन विचारते लग्नाचं काय. डोस वाढवू का? आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल असताना हिला फेफरं आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

अगं डॉक्टर, तुला अगंतुगं करतेय, चालवून घे, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. फेनिटॉइन वाढवू नकोस. एक तर हे औषध फसवं आहे, एका मर्यादेपर्यंत लिव्हर ते व्यवस्थित पचवतं आणि मग अचानक हात टेकतं, तू शंभरच मिलिग्रॅम वाढवतेस आणि रक्तातली पातळी कुठल्या कुठे जाते, पेशंट दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात येतो, बुबुळं हलत असतात, आणि घरचे म्हणतात डॉक्टर आजार वाढला. आणि दुसरं म्हणजे मला दाट शंका आहे की हे औषध तिच्या आजाराला चालतच नाही. शंका का ते सांगते, पण त्याआधी एक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सीटी आहे, ईईजी आहे, गोळीचा डोस आहे, वडील आहेत, आई आहे, आजी आहे. फिट कशी आली तेवढं नाहीये. किती वाजता आली, ती तेव्हा काय करत होती, आदल्या रात्री किती झोपली होती, आधी कुठला हात हलला, डोळे मिटलेले होते की उघडे, नंतर किती वेळाने तिने आईला ओळखलं, यातलं एकही नाही. रागावत नाहीये गं, मीही पहिली दोन-तीन वर्षं हेच करायचे, फाइल उघडून रिपोर्ट वाचायचे आणि ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय ते बाहेर बाकावर बसलेले असायचे.

फेफऱ्याचं निदान आजही ऐकूनच होतं. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचं, फिट नसताना घेतलेलं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, खऱ्या फेफऱ्याच्या निम्म्या पेशंटांचा तरी पहिला ईईजी नॉर्मल येतो, आणि उलट कधीच फिट न आलेल्या एखाद्याचा थोडा बिघडलेलाही दिसतो. सीटी तर मेंदूचा फोटो आहे, त्यात वीज दिसत नाही. त्यामुळे दोन्ही नॉर्मल आहेत म्हणून हिला काही नाही असं म्हणता येत नाही. विनाकारण, म्हणजे ताप नाही, साखर कमी झालेली नाही, दारू सोडलेली नाही, अशा दोन फिट एकमेकींपासून २४ तासांपेक्षा जास्त अंतराने आल्या की ते फेफरं. तिला तीन झाल्यात. म्हणजे त्या खरंच फिट होत्या हे पक्कं झालं की तुझं निदान झालं, आणि ते पक्कं करायला एमआरआय लागत नाही.

मग ऐकायचं कसं, तर दोन भाग कर. पेशंटला विचार, शेवटचं काय आठवतंय आणि त्यानंतर पहिलं काय आठवतंय. मधला सगळा वेळ तिचा नाहीच, तो बघणाऱ्याचा आहे, तो त्यांच्याकडून घे. आणि बघणाऱ्याला फिट कशी आली असं विचारू नकोस, ते म्हणतील जशी येते तशी आली, डोळे फिरवले, तोंडाला फेस, दातखिळी बसली, संपलं. त्यांना म्हण, करून दाखवा. लाजतात, हसतात, पण दाखवतात, आणि दाखवायला लागले की जे शब्दात येत नव्हतं ते हातात येतं.

माझ्या ओपीडीत एकदा अशीच एक आजी आली होती, नातीबरोबर, नऊवारी, हातात कापडी पिशवी. म्हटलं आजी, करून दाखवा. तिने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात छातीशी आणले आणि खांद्यातून असा एक झटका दिला की टेबलावरचं माझं बीपीचं कफ खाली पडलं. मी विचारलं, असं करत करत पडली का? तर म्हणाली, "नाय वो बाई, ह्ये तर रोजचंच. सकाळी उठली की हिच्या हातात कायबी टिकत न्हाय. चहाचा पेला भित्तीवर. कंगवा उडतो. म्या म्हणते अंगात आळस भरलाय, दुसरं काय." नात खाली मान घालून बसलेली. तीन वर्षं ती पोरगी त्या सांडलेल्या चहावरून बोलणी खात होती आणि तीन वर्षांत दोन डॉक्टर झाले होते, पण ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे असं त्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं, तिला स्वतःलाही नाही.

याला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात, आपण जेएमई म्हणतो. साधारण १२ ते १८ वयात सुरू होते, मुलगा किंवा मुलगी अगदी हुशार, तपासणीत काही सापडत नाही, सीटी नॉर्मल, आणि सकाळी उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांत हात उडतात. शुद्ध असते. मोठी फिटही बहुधा सकाळचीच, आणि आदल्या रात्री जागरण झालेलं असतं, परीक्षा, लग्नघर, गणपतीची मिरवणूक, रात्रीचा प्रवास. काही जणांना मध्येच दोन-चार सेकंद हरवल्यासारखंही होतं, वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा बसतो. तुझी मुलगी १७ची, बारावीची, अभ्यासाला जागत असणार, सीटी नॉर्मल, फेनिटॉइन खाऊनही फिट, म्हणून माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. पण ही माझी शंका आहे, तिला न बघता केलेली, निदान तूच करायचंस. परत बोलाव आणि एवढं विचार: सकाळी हातातून वस्तू उडतात का. 'पडतात का' विचारलंस तर नाही म्हणेल. 'उडतात का' विचार, आणि तू स्वतः खांद्यातून झटका देऊन दाखव. चेहऱ्यावरच कळेल तुला.

हे इतकं लावून का धरतेय ते सांगते. जेएमईत फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन ही औषधं झटके वाढवू शकतात. नवीन होते तेव्हा एका कॉलेजच्या मुलाला मी कार्बामाझेपिन सुरू केलं होतं, झटके वाढले, मी डोस वाढवला, अजून वाढले, मी परत वाढवला. दीड महिन्याने तो गॅलरीतून उतरताना पायऱ्यांवरून पडला, कपाळाला सात टाके. मग माझ्या सरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, सकाळी दाढी करताना हात उडतो का रे, आणि तो हो म्हणाला. त्या मुलाची मी नंतर माफी मागितली. आजही फिटच्या प्रत्येक पेशंटला मी सकाळचं विचारतेच, सत्तरीचा असला तरी.

आता समजा आजी म्हणाली, नाही, असं काही नाही, आणि वेगळंच दाखवलं. म्हणजे आधी एकाच हाताला सुरू होतं, किंवा मान एका बाजूला वळते, किंवा नुसतीच टक लावून बघते, ओठ चाटते, पदराशी चाळा करते आणि मग कोसळते. मग ती मेंदूच्या एका जागेतून निघणारी फिट आहे आणि तिथे ८० किलोमीटर असो की १८०, एकदा एमआरआय व्हायलाच हवा, कारण साध्या सीटीत बारीक गाठ किंवा जुना व्रण सुटू शकतो. आपल्याकडे अशा फिटमागे न्यूरोसिस्टिसर्कोसिस फार, टेपवर्मची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठ होते, आणि शाकाहारी लोकांनाही होते, कारण अंडी येतात न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांवरून. तिची आणि टीबीच्या गाठीची चेहरेपट्टी सारखी असते, त्यामुळे घाईने टीबीची औषधं सुरू करू नकोस आणि घाईने अल्बेंडाझोल हे जंताचं औषधही देऊ नकोस, स्टेरॉइडचं कव्हर न देता ते दिलं तर सूज वाढून फिट वाढतात.

तिसरी शक्यता, ती फिटच नव्हती. शाळेच्या प्रार्थनेला उभी होती, उपाशी होती, डोळ्यांपुढे अंधारी आली, पांढरीफटक पडली, घामाने भिजली, कोसळली, दोन-चार झटके आले आणि मिनिटभरात उठून पाणी मागितलं, तर ती घेरी आहे. झटके आले म्हणजे फिट असं नसतं, घेरीतही येतात, यात भलेभले फसतात आणि पोरीच्या कपाळी वर्षानुवर्षं गोळ्या येतात. फिटमध्ये माणूस निळा पडतो, जीभ कडेला चावली जाते, नंतर बराच वेळ भ्रमिष्टासारखा असतो आणि दुसऱ्या दिवशी अंग कुटल्यासारखं दुखतं. ईसीजी मात्र प्रत्येकीचा काढ, तुझ्याकडे मशीन आहे, हृदयाच्या ठोक्याचा बिघाड फिटच्या वेषात येतो. आणि घरच्यांना सांग, पुढच्या वेळी एकाने मोबाइलवर शूटिंग करायचं. आधी तिला कुशीवर वळवायचं, मग शूटिंग. मला व्हिडिओने जेवढं कळलंय तेवढं कित्येक रिपोर्टांनी कळलं नाही.

औषधाचं. जेएमई ठरलं तर लेव्हेटिरॅसिटॅम २५० सकाळ-संध्याकाळ सुरू कर, एक-दोन आठवड्यांनी ५०० सकाळ-संध्याकाळ. फेनिटॉइन एकदम बंद करायचं नाही, त्यानेच मोठी फिट येईल, नवीन औषध डोसला आलं की मग ते काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं, आणि हा सगळा बदल ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, किंवा फोनवर न्यूरोलॉजिस्टशी एकदा बोलून कर, त्यात कमीपणा नाही. लेव्हेटिरॅसिटॅमने काही मुलं चिडचिडी होतात, उदास होतात, आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ते अभ्यासाच्या टेन्शनवर जातं. जेएमईवर सगळ्यात जोरकस औषध खरं तर व्हॅल्प्रोएट, पण ती मुलगी आहे, आणि व्हॅल्प्रोएटवर गर्भ राहिला तर बाळाच्या पाठीच्या मणक्याला, मेंदूला, पुढे बुद्धीलाही धोका असतो, म्हणून मुलींना ते पहिलं औषध म्हणून देत नाहीत. तू म्हणशील मॅडम, ती १७ची आहे, गर्भाचं आत्ता काय. अगं, अशा किती मुली मी बघितल्यात, सतराव्या वर्षी सुरू झालेली गोळी विसाव्या वर्षी तीच चालू असते आणि लग्न होऊन दुसऱ्या महिन्यात दिवस गेलेले असतात, मग सगळे धावतात. लग्नाची बोलणी सुरू झाली की फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम सुरू करायचं, हे आत्ताच तिच्या कार्डावर लिहून ठेव.

आता आईचा प्रश्न. त्या बाईने तुला बाजूला घेतलं कारण घरात तो विचारायला तिला दुसरं कुणी नाहीये. तिला बसव आणि सांग. हिंदू विवाह कायद्यात फेफरं ही लग्नाला आड येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती, १९९९ साली ती दुरुस्ती करून काढून टाकली. तिला शिकता येतं, नोकरी करता येते, लग्न करता येतं, फेफरं असलेल्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात. मुलांना हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते हे खरं आहे, लपवू नकोस, पण बहुतेकांना होत नाही हेही तितकंच खरं. आणि सासरी सांगायचं की नाही यावर माझं मत विचारशील तर सांगायचं. कारण न सांगितलेल्या घरात गोळी चोरून खावी लागते, चोरून खाल्लेली गोळी चुकते, आणि चुकली की पहिली फिट नेमकी त्या घरात येते. ही गोष्ट माझ्यासमोर इतक्या वेळा झालीय की यावर मी मऊ बोलत नाही.

आजीशी भांडू नकोस. बाहेरचं आहे म्हणाली तर म्हण, आजी, देवाचं तुम्ही करा, अंगारा लावा, गोळीचं मी करते, दोन्ही चालू दे. फक्त दोन गोष्टींना ठाम नाही म्हण, मिरचीची धुरी द्यायची नाही आणि चटके द्यायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं, हे सगळं फिट आपोआप थांबेपर्यंतचा टाइमपास आहे, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत स्वतःहून थांबते म्हणून लोकांना वाटतं कांद्याने थांबली. त्याऐवजी आजीला काम दे: घड्याळ बघायचं. कुशीवर वळवा, तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, आणि ५ मिनिटांच्या वर गेली की १०८ला फोन. फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो, वजनाप्रमाणे डोस काढून कागदावर लिहून आईच्या हातात दे. मुलीला सांग, बाथरूमची कडी लावायची नाही, विहिरीवर एकटीने जायचं नाही, गाडी चालवायची नाही.

तुझ्याच दारात फिट चालू असलेला पेशंट आला तर पहिली साखर बघ, बोटाला टोचून, एका मिनिटाचं काम आहे. शिरेत लोरॅझेपाम ४ मिलिग्रॅम, शीर सापडत नसेल तर वेळ घालवू नकोस, मोठ्या माणसाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीत दे. आपण सगळे घाबरून अर्धाच डोस देतो आणि मग म्हणतो औषध लागू पडत नाही, श्वास बंद पडायची भीती औषधापेक्षा चालू राहिलेल्या फिटची जास्त असते. त्यानंतरही थांबली नाही तर लेव्हेटिरॅसिटॅम किंवा फेनिटॉइन लोड करून, म्हणजे शिरेतून एकदम मोठा पहिला डोस देऊन, पाठव, आणि फेनिटॉइन सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की गुठळ्या होतात. पाचव्या महिन्यानंतरची गरोदर बाई किंवा बाळंतीण फिटमध्ये आली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते एक्लॅम्पशियाच, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीची फिट, मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) पहिला डोस देऊन मगच रेफर.

लकव्याचं थोडक्यात, कारण तिथे तुझ्या हातात एकच मोठी गोष्ट आहे, घड्याळ. अंगावरून वारं गेलं म्हणून आणतात, तोंड वाकडं, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणं जड. लगेच विचार, शेवटचा ठीक कधी दिसला होता? 'सकाळी कळलं' याला काही अर्थ नाही, रात्री दहाला जेवून नीट बोलत झोपला असेल तर घड्याळ दहाला सुरू झालं. साडेचार तासांच्या आत सीटी होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं पाहिजे, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर काही निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंतही गुठळी काढता येते. म्हणजे तुझं काम हे की साखर बघ, वेळ लिही, जिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही आहे तिथे आधी फोन कर आणि १०८ने सरळ तिकडे पाठव, मधल्या दोन दवाखान्यांत फिरवू नकोस. सीटीआधी अॅस्पिरिन देऊ नकोस, रक्तस्राव असू शकतो. बीपी २००/१०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी देऊन खाली पाडू नकोस, तो वाढलेला दाबच उरलेल्या भागाला रक्त पुरवत असतो. आणि गिळता येतंय की नाही ते बघेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, घरचे प्रेमाने चहा पाजतात आणि तो फुप्फुसात जातो. हाताची ताकद दहा मिनिटांत परत आली तरी घरी सोडू नकोस, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो. नुसतंच तोंड वाकडं असेल तर कपाळ बघ. भुवई वर करता येत नसेल, कपाळाला आठी पडत नसेल, डोळा मिटत नसेल आणि हातपाय चांगले असतील तर ती बेल्स पाल्सी, नुसत्या चेहऱ्याच्या नसेचा लकवा, ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू कर, साखर बघून, आणि रात्री डोळा मलम घालून पट्टीने बंद करायला शिकव, कारण तोंड बहुधा सरळ होतं पण वाळलेल्या डोळ्याची इजा तशीच राहू शकते.

डोकेदुखी हा तर आपल्या गावांचा रोजचा विषय आणि तिचं आपल्याकडे नाव ठरलेलं आहे, पित्त. उन्हात गेले पित्त झालं, उपास केला पित्त झालं, उलटी झाली की डोकं उतरतं म्हणजे पित्तच. यातल्या निम्म्या बायका अर्धशिशीच्या असतात गं. ठणका, बहुधा एका बाजूला, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत, मळमळ, उजेड नको, आवाज नको, जिना चढला की वाढतं, अंधाऱ्या खोलीत ओढणी बांधून पडून राहाविशी वाटते. सतरा एक्स-रे, सायनसची औषधं, चष्म्याचा नंबर, सगळं होऊन आलेल्या असतात. तू फक्त विचार, महिन्यात किती दिवस गोळी घेता? साधी पेनकिलर १५ दिवसांच्या वर किंवा मिक्स गोळी १० दिवसांच्या वर, तीन महिने, असं निघालं तर आता त्या गोळीनेच डोकं दुखतंय, ती थांबवल्याशिवाय काही होणार नाही. रोज घ्यायचं औषध म्हणून प्रोप्रानोलॉल, दमा नाही ना विचारून, किंवा रात्री अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, दोन्ही स्वस्त आहेत, दोन महिने तरी द्यायला हवं, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडतात. कुठे थांबायचं ते मात्र पाठ कर: क्षणात सुरू झालेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि ताठ मान, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, आणि बाळंतीण. बाळंतिणीचं डोकं दुखतंय, उलट्या आहेत, एखादी फिट आली, तर मेंदूतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते, आपल्याकडे हे खूप दिसतं आणि त्या पोरी वेळेवर पोचल्या तर अगदी चांगल्या होतात. तिला कान बांधला नव्हता, वारं लागलं, असं कुणी म्हणालं तरी तू पाठवच.

चक्करच्या पेशंटला मानेचा एक्स-रे काढून पट्टा देऊ नकोस. पन्नाशीनंतर प्रत्येकाच्या मानेत झीज दिसते. विचार, कुशीवर वळलं की गरगरतं का? वळल्यावर काही सेकंद घर फिरतं आणि थांबतं असं असेल तर टेबलावर बसव, मान ४५ अंश वळव, झटकन मागे झोपव, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेव, आणि डोळ्यांकडे बघत बस. दोन-पाच सेकंद काही होत नाही, मग बुबुळं गोल फिरत वर उडायला लागतात, बाई तुझा हात घट्ट धरते, आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत. तो कानातल्या खड्यांचा आजार. तिथेच एप्लीची मॅनुव्हर कर, म्हणजे डोकं ठरलेल्या क्रमाने फिरवून खडे जागेवर आण, बरेच जण टेबलावरूनच बरे होऊन उतरतात. यांना सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या चक्करच्या गोळ्यांपैकी काहीतरी महिनोन्महिने चालू ठेवलेलं असतं आणि मग हात थरथरतो, चाल मंदावते, कुणीतरी पार्किन्सन म्हणून अजून औषध लावतं. थरथरणारा कुठलाही म्हातारा माणूस आला की आधी औषधांची पिशवी ओतायला सांग.

मुंग्यांत साखर आणि बी १२ बघशीलच, पण एक विसरू नकोस. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला गीयाँ-बारेचे पेशंट भराभर आले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जीबीएस हे नाव कळलं, जुलाबाच्या जंतूनंतर नसांवर येणारा हल्ला. आता बातम्या थांबल्या, आजार थांबलेला नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, आता पायातून मुंग्या, जिना चढवत नाही, चप्पल पायातून निसटते, आणि गुडघ्यावर हॅमर मारला तर पाय उडत नाही, बास, थांबू नकोस. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांग, २०पर्यंतही पोचत नसेल तर श्वासाचे स्नायू थकतायत, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच पाठव. स्टेरॉइड देऊ नकोस, यात त्यांचा उपयोग नाही.

तर त्या मुलीला या आठवड्यातच बोलाव, आणि आजीला घेऊन यायला सांग, नुसते वडील आले तर परत पाठवू नकोस पण आजीला फोन लावून दे. ईईजी परत करायचा ठरला तर रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवून सकाळी करायला सांग, आणि त्या रात्री-सकाळी तिला एकटं सोडायचं नाही, फिट तेव्हाच येऊ शकते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे आत्ता घरात पहाटे चारला उठवणं चालू असेल. वडिलांना कागदावर लिहून दे, तुझ्या सहीशिक्क्यानिशी: रात्री साडेदहाला दिवा बंद, सकाळी सहाच्या आत हाक मारायची नाही. आणि नवीन गोळी डोसला आल्यावर पंधरा दिवसांनी आजीला विचार, चहाचे पेले किती फुटले.